दिव्याखाली सही

आमच्या साडूंच्या घरी एकूण 31 टेबललॅम्प आहेत. तिथल्या पहिल्याच रात्री संडास शोधताना मी त्यांतल्या एकाला अडखळलो आणि थोडक्यात वाचलो. वाचलो म्हणजे लॅम्प वाचला. माझ्या अंगठ्याचं नख गेलं. आवाज ऐकून साडू बॅटरी घेऊन धावत आले. उजेड आधी लॅम्पच्या बुडावर पडला, मग मानेवर, मग शेडवर. सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री पटल्यावर तो माझ्यावर पडला.

"लागलं नाही ना?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न नक्की कोणाला होता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"अहो, एखादा दिवा लावून ठेवायचा ना पॅसेजमध्ये," मी अंगठा धरून म्हणालो.

"कुठला?"

"एकतीस आहेत ना!"

"छे छे," ते दचकून म्हणाले, "ते लावायचे नाहीत."

साडू म्हणजे भाऊसाहेब. हिच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, यजमान. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये गेली 26 वर्षं राहतात. पेशाने इंजिनिअर, स्वभावाने सज्जन, कर्ज नाही, व्यसन नाही. निदान मला तोपर्यंत तसं वाटत होतं. अमेरिकेतला मराठी माणूस पन्नाशीला आला की त्याला काहीतरी होतं. कोणी मंडळाच्या नाटकात तोंडाला रंग लावतो, कोणी कमरेला ढोल बांधतो, कोणी कढीपत्त्याची कुंडी दर हिवाळ्यात तान्ह्या बाळासारखी आत घेऊन बसतो. भाऊसाहेबांना माती लागली. तीही साधीसुधी नाही. साधारण 1945 ते 1970 या पंचवीस वर्षांत भाजलेली, ग्लेझ दिलेली आणि शक्यतो बुडाशी सही असलेली.

सुरुवात निरागस होती. 2009 साली मंदीत ऑफिसने घरून काम करायला लावलं आणि टेबलावर उजेड कमी पडतो म्हणून त्यांनी गल्लीतल्या एका गॅरेज सेलमधून 4 डॉलरला एक लॅम्प आणला. मातकट रंगाचा, बुटका, पोटावर आडव्या रेघा, मान लाकडाची. दोन वर्षं तो बिचारा इमानाने जळला. मग एके दिवशी ऑफिसातला एक सहकारी जेवायला आला, त्याने सहज तो लॅम्प कलता केला, खालच्या कडेजवळ मातीत कोरलेली अक्षरं वाचली आणि म्हणाला, "हा मार्ट्झ आहे. तुला माहीत आहे ना?"

भाऊसाहेबांना माहीत नव्हतं. पण त्या क्षणी तो दिवा विझला, तो विझलाच.

मार्ट्झ म्हणजे गॉर्डन आणि जेन मार्ट्झ हे नवरा-बायको. दोघं न्यूयॉर्क राज्यातल्या आल्फ्रेड विद्यापीठात सिरॅमिक्स शिकले, आणि पुढे इंडियाना राज्यातल्या व्हीडर्सबर्ग नावाच्या लहानशा गावी जेनच्या माहेरच्या 'मार्शल स्टुडिओज'मध्ये लॅम्प करू लागले. भाजलेल्या मातीचं पोट, अक्रोडाच्या लाकडाची मान, वर शेड आणि शेडच्या डोक्यावर पुन्हा अक्रोडाचाच गट्टू. सगळा डौल या साधेपणात. ही हकीकत भाऊसाहेब घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. कुरिअरवाल्यालाही एकदा सांगितली होती म्हणे. आम्हाला विमानतळावरून घरी येताना गाडीत सांगितली. मागच्या सीटवर सासूबाई होत्या. त्या शांतपणे ऐकत होत्या. संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "म्हणजे घरजावईच की."

भाऊसाहेब त्यानंतर घर येईपर्यंत बोलले नाहीत.

सासूबाई मूळच्या कऱ्हाडच्या. वय 82. ताईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी फेब्रुवारीत, ऐन बर्फात, लेकीकडे आल्या होत्या. सहा महिन्यांचा मुक्काम होता. ताईचा गुडघा केव्हाच चालू लागला होता आणि सासूबाई आता दिवस मोजत होत्या. घरात दिवे असून तिन्हीसांजेला अंधार असतो, ही एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात बसत नव्हती. रोज संध्याकाळी देवापुढे समई लावून त्या हॉलमध्ये येत, अंधारात बसलेल्या लॅम्पांच्या रांगेकडे बघत आणि म्हणत, "आमच्याकडे एकच कंदील होता. पण तो लावत होतो आम्ही."

न लावण्याची कारणं भाऊसाहेबांपाशी तयार असतात. पहिलं कारण वायर. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची वायर वरून धडधाकट दिसते, पण आतलं आवरण वाळून तडकलेलं असतं. वाकवली की भुगा होतो. त्यामुळे तशी लावणं धोक्याचं. मग बदला ना, असं कोणीही म्हणेल. जगातले बहुतेक शहाणे संग्राहक वायर बदलतातच. त्यात कमीपणा कोणी मानत नाही. भाऊसाहेब मानतात. वायर मूळची, होल्डर मूळचा, प्लगसुद्धा मूळचा पाहिजे. दुसरं कारण शेड. मातीचं पोट पन्नास वर्षं टिकतं, शेड टिकत नाही. ती जळते, फाटते, मांजर चढतं, गृहिणीला कंटाळा येतो. त्यामुळे 31 पैकी 22 लॅम्पांना शेड नाही. नुसती तारेची कमान उभी आहे. तिला हार्प म्हणतात. रात्री त्या बावीस कमानी खिडकीच्या उजेडात दिसल्या की मुंडण झालेल्यांची पंगत बसल्यासारखं वाटतं. "मूळ शेड मिळाली की लावू," हे वाक्य ताई गेली अकरा वर्षं ऐकते आहे.

पण भाऊसाहेबांची खरी खूण वेगळीच आहे. हा माणूस कुठलीही वस्तू उभी बघत नाही, आधी उपडी करतो. आपण माणसाचा चेहरा बघून कुळ विचारतो. ते बूड बघून ओळखतात. तळाशी 'डब्ल्यू. जर्मनी' असा शिक्का दिसला की त्यांचा आवाज खाली येतो. म्हणजे वस्तू पश्चिम जर्मनीची, 1949 ते 1990 या काळातली. त्याच्या शेजारी 517-30 असा आकडा असला तर पहिला भाग साच्याचा नंबर आणि दुसरा उंची, सेंटिमीटरमध्ये. ते खिशातून टेप काढून उंची मोजतात. तीस भरली की जर्मन लोकांच्या प्रामाणिकपणावर दोन मिनिटं बोलतात. या जर्मन फुलदाण्यांवर नारिंगी-काळं ग्लेझ असं जाड, फसफसून थिजलेलं असतं की संग्राहक त्यांना 'फॅट लाव्हा' म्हणतात. ताई म्हणते, पिठलं उतू गेल्यासारखं. मला ताईचं पटतं.

या सवयीने त्यांना समाजात वावरणं अवघड केलं आहे. चहाचा कप रिकामा होईपर्यंत थांबण्याइतकी सभ्यता त्यांच्यात आहे. पण फुलदाणीच्या बाबतीत ती टिकत नाही. दोन वर्षांपूर्वी एका घरी दिवाळीच्या फराळाला गेले असताना कोपऱ्यात निळी-हिरवी फुलदाणी दिसली. इटलीत आल्डो लोंडी नावाच्या कलावंताने बितोस्सी कारखान्यासाठी केलेलं 'रिमिनी ब्लू' नावाचं काम आहे. ओल्या मातीवर शिक्के उमटवून, वर गडद निळं आणि हिरवं ग्लेझ. भाऊसाहेबांना शंका आली. त्यांनी फुलदाणी उचलली आणि उपडी केली. आत शेवंतीची फुलं होती. पाणीही होतं. खाली यजमानीणबाईंनी चार तास खपून काढलेली रांगोळी होती.

"काय निघालं?" मी विचारलं.

"चायना," ते खिन्नपणे म्हणाले.

त्या घराचं आमंत्रण पुन्हा आलेलं नाही.

जेवणाच्या टेबलावर तर त्यांच्यासमोर बसूच नये. मी पहिल्या दिवशी बसलो आणि वरणात मीठ कमी होतं. मी मीठ मागितलं. समोर दोन गोल, मऊ, बिनचेहऱ्याच्या आकृत्या होत्या. एक उंच, एक ठेंगणी. ठेंगणी उंच आकृतीच्या कुशीत शिरलेली. मीठ आणि मिरपूड. भाऊसाहेबांनी उंच आकृती हातात घेतली आणि बुडापेस्टपासून सुरुवात केली. एव्हा झायझेल तिथे 1906 मध्ये जन्मली. कुंभारकाम शिकली. रशियात गेली, तिथे चिनी मातीच्या कारखान्यांत वर चढली आणि मग स्टालिनला मारण्याच्या कटाचा आळ येऊन सोळा महिने तुरुंगात पडली. सुटली, पुढे अमेरिकेला आली, आणि 1947 च्या सुमाराला मिनेसोटातल्या रेड विंग कारखान्यासाठी तिने ही मिठा-मिरपुडीची जोडी केली. आईच्या कुशीतलं मूल. 105 वर्षं जगली बाई. 2011 मध्ये गेली.

माझं वरण गार झालं होतं. "मीठ," मी म्हणालो.

"यात नाही हो," ते म्हणाले, "हे वापरायचे नाहीत."

मीठ स्टीलच्या डब्यात होतं. डबा फडताळात होता.

वापरायचे नाहीत अशा वस्तूंमध्ये एक वस्तू मात्र अशी आहे की तिच्याबाबतीत भाऊसाहेबांचं म्हणणं मला मान्य करावं लागलं. सासूबाईंनी एप्रिलमध्ये लिंबाचं लोणचं घातलं आणि बरणी सापडेना म्हणून कपाटातल्या एका झकास तांबड्या-नारिंगी भांड्यात भरून ठेवलं. भाऊसाहेबांनी ते पाहिलं आणि तळघरात धावत जाऊन एक यंत्र आणलं. यंत्र भांड्याजवळ नेल्यावर कट्-कट्-कट् वाजू लागलं. ते गायगर काउंटर होतं. भांडं 'फिएस्टा' नावाच्या संचातलं. होमर लॉफलिन कंपनीने 1936 मध्ये बाजारात आणलेला तो संच. त्यातला हा जुना तांबडा रंग युरेनियम घालून केलेला. 1943 मध्ये अमेरिकन सरकारने युरेनियम लढाईच्या कामासाठी ताब्यात घेतलं तेव्हा तो रंग बंदच पडला होता. 1959 मध्ये पुन्हा आला. असल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये, कारण आंबटाने ग्लेझमधलं नको ते अन्नात उतरतं. यात विनोद काही नाही. जुन्या रंगीत भांड्यांत शिसंही असू शकतं. शोभेला ठेवावीत, जेवायला घेऊ नयेत.

पण सासूबाईंना हे कसं सांगणार? "आई, यात ॲटमबॉम्बचं सामान आहे," असं भाऊसाहेबांनी सांगितलं.

"मग घरात कशाला ठेवलंय?" सासूबाईंनी विचारलं.

आजवर या संग्रहाविषयी विचारला गेलेला हा सर्वांत नेमका प्रश्न होता. त्याला उत्तर मिळालं नाही. लोणचं मात्र टाकावं लागलं आणि ते दुःख सासूबाईंनी मनात ठेवलं.

त्याच महिन्यात बिबट्याचं प्रकरण झालं. 1950 च्या दशकात टीव्ही घरोघरी आला तेव्हा अमेरिकेत अशी भीती पसरली की अंधारात टीव्ही बघितल्याने डोळे बिघडतात. त्यावर उपाय म्हणून टीव्हीच्या डोक्यावर ठेवायचे खास दिवे निघाले. पुढून मातीचं जनावर, मागे बल्ब, उजेड भिंतीवर. हरणं झाली, बदकं झाली, सयामी मांजरं झाली, आणि पोट जमिनीला लावून सरपटणारा काळा बिबट्या तर फारच खपला. डोळे खरोखर वाचले की नाही देव जाणे; पुढे लोकांची भीती गेली, टीव्ही चपटे झाले आणि बिबट्याला बसायला जागाच उरली नाही. भाऊसाहेबांकडे असले चार आहेत. त्यांतल्या एकाची वायर आधीच्या मालकाने बदललेली होती, म्हणून तो तेवढा लावता येत असे. सासूबाईंना रात्री उजेड हवा म्हणून प्रेमाने भाऊसाहेबांनी तो त्यांच्या खोलीत ठेवला. पहाटे तीन वाजता सासूबाईंना जाग आली. समोर काळं जनावर आणि त्याच्या पाठीमागून लाल उजेड. कऱ्हाडच्या बाजूला उसात बिबटे निघतात. ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने गमतीची नाही. त्यांनी हाताला लागला तो वॉकर उगारला. ताई वेळेवर पोचली म्हणून बिबट्या वाचला.

भाऊसाहेब हा माल आणतात कुठून, हे बघण्यासाठी मी एका शुक्रवारी त्यांच्याबरोबर इस्टेट सेलला गेलो. या प्रकाराला मराठीत शब्द नाही, आणि नाही तेच बरं. घरातलं म्हातारं माणूस जातं किंवा वृद्धाश्रमात जातं. मुलं लांबच्या राज्यात असतात. मग एक कंपनी येऊन घरातल्या प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावते आणि दार उघडून देते. सेल नऊला होता. आम्ही पावणेसहाला पोचलो, कारण दारावर नंबराची यादी असते. आमचा नंबर सातवा. भाऊसाहेबांनी थर्मासमधून मला चहा दिला आणि पुढच्या सहा जणांची माहिती हळू आवाजात सांगितली. पहिल्या दोघी दागिनेवाल्या, आपल्या कामाच्या नाहीत. तिसरा हत्यारांचा, थेट गॅरेजमध्ये जाणार. पाचवा, तो लोकरी टोपीवाला पोरगा, त्याच्यावर डोळा ठेवायचा. त्याच्यामुळे मार्चमध्ये माझ्या हातून एक गेलेला आहे.

नऊला दार उघडलं आणि मी भाऊसाहेबांना पहिल्यांदा पळताना पाहिलं. दिवाणखाना त्यांनी पाहिलाही नाही, सरळ तळघर. त्यांचा सिद्धांत असा की मुलांना ज्याची लाज वाटते ते माणसं तळघरात नेऊन ठेवतात, आणि चांगलं तेच असतं. मी मागे राहिलो. दिवाणखान्यात सोफा 60 डॉलर. स्वयंपाकघरात अर्धी वापरलेली भांड्यांच्या साबणाची बाटली, तिलाही चिठ्ठी होती, 50 सेंट. निजायच्या खोलीत पलंगावर अर्धवट विणलेला स्वेटर, सुया तशाच खोवलेल्या. 2 डॉलर. मी तो हातात घेतला आणि पुन्हा ठेवून दिला. विणणारीने एक बाही पूर्ण केली होती.

तेवढ्यात जिन्यावरून भाऊसाहेब आले. काखेत लॅम्प, दुसऱ्या हातात दुसरा, दातांत शेड. मागून टोपीवाला पोरगा. या बाजारात नियम एकच आहे: ज्याचा हात वस्तूवर, वस्तू त्याची. टोपीवाला त्यांच्या हातून काही खाली ठेवलं जाण्याची वाट बघत त्यांच्यामागे घरभर फिरत होता, आणि भाऊसाहेब काहीही खाली ठेवायला तयार नव्हते. पैसे देतानासुद्धा त्यांनी पाकीट मला त्यांच्या मागच्या खिशातून काढायला लावलं.

ताई अशा दिवशी त्यांना अंघोळ केल्याशिवाय घरात घेत नाही. "गेलेल्या माणसाच्या घरून येतोस, काही वाटतं का?" असं ती म्हणते आणि मला तिच्या म्हणण्यात तथ्य वाटतं. तिने एक नियमही घातला आहे. एक वस्तू आत आली की एक बाहेर जायची. भाऊसाहेबांनी तो मान्य केला आणि तेव्हापासून फक्त जोड्या घेतात. जोडी म्हणजे एकच नग, असं त्यांचं म्हणणं.

आता मुख्य प्रसंग. नेपरव्हिलहून तासाभराच्या आत, फॉक्स नदीच्या काठी ईस्ट डंडी नावाचं गाव आहे. तिथे हेगर कंपनीचा कारखाना होता. 1871 मध्ये वीटभट्टी म्हणून सुरू झाला, त्याच वर्षी शिकागो जळलं, आणि नव्या शिकागोला या भट्टीच्या विटा लागल्या. पुढे विटांच्या फुलदाण्या झाल्या, फुलदाण्यांचे लॅम्प झाले. 2016 मध्ये कारखाना बंद पडला. भाऊसाहेबांना मला हे गाव दाखवायचं होतं. सासूबाईंना घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून त्याही आल्या. कारखान्याच्या भिंतीपुढे भाऊसाहेब टोपी काढून उभे राहिले. सासूबाईंनी विचारलं, "इथे देऊळ होतं का?"

परतताना एका अँटिक मॉलमध्ये थांबलो. आणि तिथे तो होता. इटालियन, दीड हात उंच, निळा-हिरवा, पोटावर शिक्क्यांच्या रांगा, बुडाशी मूळ कागदी लेबलाचा तुकडा. शेडसुद्धा होती. किंमत 1,150 डॉलर. भाऊसाहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी बारीक काचेतून ग्लेझ पाहिलं. टेपने मोजमाप घेतलं. मग जांभळ्या उजेडाची खास बॅटरी काढून लॅम्प सगळीकडून न्याहाळला, कारण मागाहून रंग देऊन केलेली डागडुजी त्या उजेडात वेगळी चमकते. काही चमकलं नाही. टवका नाही, चीर नाही. चाळीस मिनिटं झाली. विक्रेत्याने खुर्ची आणून दिली, तिच्यावर सासूबाई बसल्या. भाऊसाहेबांनी कार्ड काढलं.

"थांबा जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. डाव्या हाताने लॅम्पची मान धरली, उजव्या हाताचं मधलं बोट दुमडलं आणि पोटावर वाजवलं. टण्ण. थोडं फिरवून पुन्हा, टण्ण. आणखी थोडं फिरवून, थप्प. पुन्हा तिथेच, थप्प.

"हे बद्द वाजतंय," त्या म्हणाल्या. "फुटकं आहे."

भाऊसाहेब हसले. विक्रेताही हसला. मग विक्रेत्याने सौजन्य म्हणून वरचा होल्डर सैल केला, आत बॅटरी मारली आणि त्याचं हसू गेलं. आतल्या बाजूने मानेपासून पोटापर्यंत चीर होती, आणि कोणीतरी ती फार सफाईने, आतूनच, चिकटवलेली होती. जांभळा उजेड आतपर्यंत पोचलाच नव्हता. विक्रेता भला माणूस होता, त्यालाही ठाऊक नव्हतं. ओशाळून त्याने लगेच अर्धी किंमत सांगितली.

भाऊसाहेब घुटमळले. मी भाषांतर केलं. सासूबाईंनी हात झटकले. "फुकट दिलं तरी नको. पाणी गळेल."

गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग भाऊसाहेबांनी आरशातून मागे बघत, मी त्यांच्या तोंडून कधीही न ऐकलेल्या आवाजात विचारलं, "आई, तुम्हाला कसं कळलं?"

"त्यात काय कळायचंय? साठ वर्षं दर चैत्रात माठ घेते मी कुंभाराकडून. वाजवल्याशिवाय कोण घेतं?"

एखाद्या चार डॉलरच्या वस्तूखाली सही सापडल्यावर भाऊसाहेबांचा चेहरा जसा होतो, तसा तेव्हा झाला होता.

त्या रात्री घरातले 31 लॅम्प ओळीने टेबलावर आले. सासूबाई खुर्चीत बसल्या आणि एकेक वाजवत गेल्या. भाऊसाहेब वही घेऊन शेजारी. सत्तावीस टण्ण निघाले. चार थप्प. त्या चारांपैकी एक लॅम्प भाऊसाहेबांनी 2014 मध्ये ताईच्या वाढदिवसाला म्हणून आणला होता आणि त्याची किंमत ताईला त्या रात्री वहीत प्रथमच दिसली. ते संभाषण मी लिहीत नाही.

सासूबाईंचा मुक्काम जुलैअखेर संपत होता. ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी मिशिगनपासून अलाबामापर्यंत, हमरस्ता 127 च्या कडेने चार दिवसांचा सेल लागतो. 690 मैल, सहा राज्यं, रस्त्याच्या दुतर्फा लोकांनी घरातलं काढून मांडलेलं. 1987 पासून चालू आहे. भाऊसाहेब दरवर्षी एकटे जातात. या वर्षी त्यांनी जूनमध्येच सरकारी साइटवर आय-539 नावाचा अर्ज उघडला. परदेशी पाहुण्याचा मुक्काम वाढवून मागण्याचा तो अर्ज आहे. जावयाने आपण होऊन सासूचा मुक्काम वाढवून मागितल्याचं उदाहरण आमच्या दोन्ही कुळांत नाही. सासूबाईंना सही करायला सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून अट घातली. तिन्हीसांजेला घरातला एक तरी दिवा लागला पाहिजे, आणि तो बिबट्या नको.

भाऊसाहेब दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून नवी वायर, नवा होल्डर आणि बल्ब घेऊन आले, आणि त्या चार डॉलरच्या पहिल्या मार्ट्झची जुनी वायर त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. काढलेली वायर प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर तारीख लिहून, कपाटात ठेवली आहे. सही असलेली बाजू पुढे येईल असा लॅम्प ठेवून सातच्या सुमाराला त्यांनी बटण दाबलं. उजेड पिवळा, मऊ पडला. सासूबाईंनी त्या उजेडाला हात जोडले आणि मग अर्जावर सही केली.

अर्जात कारण 'पर्यटन' लिहिलं आहे. तो लॅम्प आता सासूबाईंच्या खोलीत असतो. पॅसेजमध्ये अजून अंधारच आहे. संडासाला जाताना मी मोबाइलचा टॉर्च लावतो.